बोटीवरचे पेढे

माझ्या मित्राला पीआर नाकारल्याचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या तोंडात पेढा भरला. भर समुद्रात, तीन माणसांच्या साक्षीने, वर पाठीवर थाप मारून.

असं का केलं याला माझ्याकडे भक्कम कारण होतं. भक्कम कारण असल्याशिवाय मी कुठलाच मूर्खपणा करत नाही, ही माझी जुनी शिस्त आहे.

आम्ही दोघं पुण्याच्या एकाच कंपनीतून, एकाच विमानाने सिंगापूरला आलो होतो. तो मूळचा रत्नागिरीचा, मी पुण्याचा. बिशान भागातल्या एका फ्लॅटमध्ये तीन वर्षं एकत्र काढली. मग दोघांची लग्नं झाली तेव्हा समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये घरं भाड्याने घेतली, इतकी समोर की त्याच्याकडे कुकर झाला की शिट्ट्या मी मोजायचो. पुढे मी नोकरी बदलली, त्याने नाही बदलली, पण पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज आम्ही एकाच दिवशी, एकाच रांगेत उभं राहून दिला. विद्यापीठ तेच, पगार थोडाफार तोच, दोघांना मूल एकेकच. मी जन्माचा प्रोग्रॅमर. इनपुट तेच असेल तर आउटपुट तेच येणार, यात मला शंका घेण्यासारखं काही दिसेना.

शुक्रवारी संध्याकाळी माझं पत्र आलं. मंजूर. मी लगेच त्याच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, पत्र आलं का तुमचं?"

"आलं ना, पण..."

त्या "पण"च्या पुढे एक वाक्य होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणालो, "बास बास! त्याला काही बोलू नका, उद्या बोटीवर बघतोच त्याच्याकडे," आणि फोन ठेवून टाकला. तिथून जो निघालो तो थेट लिटिल इंडियाला. सेरंगून रोडवरच्या मिठाईवाल्याकडून बारा केशरी पेढे घेतले आणि डब्याच्या झाकणावर बॉलपेनने दोघांची नावं लिहिली. त्याचं आधी लिहिलं. म्हटलं, मोठेपणा दाखवावा.

बोट त्याने ठरवली होती, महिनाभर आधीच. त्याला वर्षानुवर्षं मासेमारीला जायचं होतं. लहानपणी तो वडिलांबरोबर धक्क्यावर बसून हाताने दोरी सोडायचा आणि सिंगापूरला चहूबाजूंनी समुद्र असूनही दहा वर्षांत आपण पाण्याला हात लावला नाही, याची त्याला खंत होती. बोटवाल्या चिनी अंकलच्या फोनवर त्याने एका हॅलिबटचा फोटो पाहिला होता. चपटा, तपकिरी, परातीएवढा मासा. "आमच्याकडचा लेपा, पण थोराड," असं तो त्या फोटोबद्दल सगळ्यांना सांगत सुटला होता. अंकलने सांगितलं होतं की हा मासा कधीतरीच लागतो. त्याला तोच हवा होता.

आम्ही चौघं होतो. तो, मी, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात काम करणारा आमचा डॉक्टर मित्र, आणि युनिव्हर्सिटीत पीएचडीनंतरचं संशोधन करणारा एक पोस्टडॉक. पोस्टडॉक पक्का शाकाहारी. त्याला मासा पकडून फोटो काढून परत सोडून द्यायचा होता. डॉक्टरने धक्क्यावरच सगळ्यांना बोट लागू नये म्हणून गोळ्या वाटल्या, प्रत्येकाने पाण्याबरोबर नीट गिळल्याची खात्री करून घेतली, आणि स्वतःची घ्यायला विसरला. दिवसभरात त्याने समुद्राला जे अर्पण केलं त्याचं वर्णन करत नाही.

चांगीच्या धक्क्यावरून निघून बोट जरा मोकळ्या पाण्यात आली. लांबवर नांगर टाकलेली मालवाहू जहाजं ओळीने उभी होती. माझा मित्र मागच्या फळीवर बसून गळ बांधत होता. एका हातात दोरा, दुसऱ्या हातात गळ, मान खाली. दोन्ही हात गुंतलेले, ही संधी मी साधली.

"चला, तोंड गोड करा!" मी डबा उघडून ओरडलो. "आज या बोटीवर दोन पीआर आहेत! हा एक, आणि हा दुसरा!" आणि त्याने मान वर केली तशी पेढा सरळ त्याच्या तोंडात.

डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. पोस्टडॉक म्हणाला, "अरे वा, काँग्रॅट्स! दोघांचं एकदमच?"

माझ्या मित्राने पेढा खाल्ला. ही गोष्ट मला अजून छळते. थुंकला असता, हात झटकला असता, तर बरं झालं असतं. त्याने तो पेढा सावकाश, नीट चावून, संपवला. मग हातातली गाठ ओढून घट्ट केली आणि म्हणाला, "तुझं झालं? छान. माझं रिजेक्ट आलं काल."

इंजिनाचा आवाज किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. मी म्हणालो, "शक्यच नाही. चुकून आलं असेल."

"माझं नाव होतं त्यावर."

"मग अपील कर. सगळे करतात. मी ड्राफ्ट करून देतो."

"कर ना."

"अरे, दुसऱ्यांदा टाकला की होतोच. आमच्या ऑफिसात एक जण..."

"गळ अडकेल तुझ्या पायात," तो म्हणाला. "जरा सरक."

डॉक्टर पाण्याकडे बघायला लागला. मला आधी वाटलं, संकोचाने बघतोय. तो वेगळ्याच कारणासाठी वाकला होता.

मग पोस्टडॉकने विचारलं, अगदी निरागसपणे, कारण त्याला आधीचं काही माहीत नव्हतं: "पण तुमचा नोकरीचा पास आहे ना? नोकरी आहे तोवर काय प्रश्न आहे?"

"पास दोन महिन्यांत संपतोय," मित्र म्हणाला. "कंपनीने आधीच सांगितलंय, पीआर झाला तर ठेवू, नाहीतर वाढवणार नाही."

"मग पुण्याच्या ऑफिसला..." पोस्टडॉकने सुचवलं.

"ती जागा मार्चमध्ये देत होते. मी नाही म्हटलं. आता भरली."

तो माझ्याकडे बघून हे म्हणाला नाही. गळाला जिवंत कोळंबी लावत म्हणाला. पण मार्चमध्ये काय झालं होतं हे बोटीवर दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी होतो.

मार्चमध्ये पुण्याच्या ऑफिसने त्याला चांगली, वरची जागा देऊ केली होती. वहिनींना जायचं होतं. मुलीला पुण्यात शाळा मिळत होती, त्यांच्या सासूबाई तिकडे एकट्या होत्या. तो आठवडाभर घोळवत बसला आणि शेवटी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, चहाला बसून मला विचारलं, "काय करू?" दहा वर्षांत त्याने मला असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी त्या प्रश्नाने इतका फुगलो की दोन कप चहा होईपर्यंत बोलत राहिलो. इथली शाळा, इथली हवा, तिथले खड्डे, तिथली बॉसमंडळी. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणालो, "वेडा आहेस का? पीआर झालाच म्हणून समज!"

हे माझं पेटंट वाक्य आहे. झालंच म्हणून समज. आतापर्यंत या वाक्याने किती कामं बुडवली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही, आणि कुणी करू नये अशी माझी विनंती आहे. लोकांच्या पोटात कळ आली तरी मी "बरं झालंच म्हणून समज" म्हणतो. डॉक्टरसमोर म्हणतो.

त्याने मात्र तसं समजून दुसऱ्या दिवशी पुण्याला नकार कळवला.

तर असे आम्ही बोटीवर. सकाळचे साडेआठ. बोट संध्याकाळी पाचपर्यंत ठरवलेली. एखाद्या घरात असं झालं असतं तर "बरं, निघतो" म्हणून चपला घालता आल्या असत्या. इथे निघून जायला फक्त समुद्र होता, आणि मला पोहता येत नाही.

"तू आलास तरी कसा?" मी थोड्या वेळाने हळूच विचारलं. "असं पत्र आल्यावर?"

"बोट ठरलेली होती. आणि मासे पकडताना कुणी बोलत नाही, असा माझा समज होता."

मी त्यानंतर अर्धा तास बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. आमची भांडणं चिक्कार झालेली. भांडी घासण्यावरून आम्ही एकदा चार दिवस अबोला धरला होता. पण तो रागावला नाही, तो सभ्य झाला. मी पाण्याची बाटली दिली तर म्हणाला, "थँक्यू." मी सरकून सावलीत जागा करून दिली तर "थँक्यू, बसतो इथेच." डब्यातलं सँडविच पुढे केलं तर "नको, थँक्यू, तू घे." एरवी तो मला साल्या म्हणायचा, गाढवा म्हणायचा, माझ्या ताटातलं न विचारता उचलायचा. प्रत्येक थँक्यूला तो माझ्यापासून एकेक ब्लॉक लांब राहायला जातोय असं मला वाटायला लागलं.

मासे मात्र लागत नव्हते. अंकलने तीन जागा बदलल्या. डॉक्टर आडवा. पोस्टडॉकला एक बोटभर लांबीचा काटेरी मासा लागला, तो त्याने फोटो काढून समारंभपूर्वक सोडून दिला आणि नंतर तासभर आपलं बोट चोखत बसला. मला एक प्लास्टिकची पिशवी आणि दोनदा तळाचा खडक लागला. दुसऱ्या वेळी मी ओरडलोही, "मोठाय! मोठाय!" अंकलने दोरी हातात घेऊन एकदा ओढून बघितली आणि कापून टाकली. "अंकल, मासा होता तो," मी म्हणालो. "यू कॅच सिंगापूर," अंकल म्हणाला.

माझ्या मित्राच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणता येणार नाही. पण मी तेवढ्यावरही दुपार काढली असती.

आणि तीनच्या सुमाराला त्याची गळाची काठी वाकली.

काठी झटका देऊन वाकली नाही, जडपणे, हळूहळू वाकत गेली. त्याने ताबडतोब ओळखलं. उभा राहिला, पाय फाकवून, पोटाशी काठी टेकवून, आणि दहा वर्षांत मी न पाहिलेला एक माणूस बोटीवर उभा राहिला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून नोट्स काढणारा तो हा नव्हेच. दोरा सोडत होता, परत गुंडाळत होता, मधेच थांबून ऐकल्यासारखं करत होता. अंकल इंजिनाच्या पेटीवरून उठून त्याच्या शेजारी आला आणि नुसता बघत राहिला. कसबी माणसाला मिळणारा मान होता तो.

दहा-बारा मिनिटांनी पाण्यात खाली तपकिरी, चपटी सावली दिसली.

"हॅलिबट!" अंकल म्हणाला.

"लेपा!" माझा मित्र ओरडला, आणि मग चेहरा वळवून, दिवसात पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून: "साल्या, बघतोस काय? जाळी घे!"

साल्या म्हणाला. मला तेव्हा जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले. त्याच्या पीआरचं, पुण्याचं, मार्चमधल्या चहाचं, सगळ्याचं आता मिटलं, असं मला एका शब्दावरून वाटलं. अंकल जाळी उचलायला वाकला होता. लांब दांड्याची ती जाळी मी त्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली. आज याचा मासा मी वर काढणार. मीच.

आता जाळीचा नियम साधा आहे, आणि अंकलने तो सकाळीच सगळ्यांना सांगितला होता. जाळी पाण्यात धरायची आणि स्थिर ठेवायची. मासा दोऱ्याने हळूच ओढत त्या जाळीवर आणतात, डोकं आधी. मग उचलायचं. जाळीने माशाच्या मागे धावायचं नाही. अंकल हे सांगत होता तेव्हा मी काय करत होतो? पेढ्यांचा डबा कुठे ठेवावा हे बघत होतो.

मासा वर आला. केवढा मोठा! वरच्या अंगाला दोन्ही डोळे, दोन्ही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघायची सोयच नाही. मला बघून त्याला आपुलकी वाटायला हवी होती.

"थांब हं," मित्र म्हणाला. "अजून नाही. येऊ दे त्याला."

"वेट," अंकल म्हणाला. "वेट, वेट."

"आलाच म्हणून समज!" मी ओरडलो, आणि जाळी मारली.

जाळीची कड दोऱ्यावर बसली. तट्ट, एवढाच आवाज झाला. मासा क्षणभर तसाच पडून राहिला, आपल्याला सोडलंय हे त्यालाही खरं वाटत नसावं. मग त्याने एकदा अंगाची लाट केली आणि खाली गेला. तपकिरी, मग हिरवट, मग नुसतं पाणी.

"अय्यो, व्हाय यू स्कूप लह!" अंकल कपाळावर हात मारून म्हणाला. "आय से वेट, यू स्कूप!"

डॉक्टर पडल्या जागेवरून मान वर करून बघत होता. पोस्टडॉक, ज्याला मासा सोडूनच द्यायचा होता, तोसुद्धा "अरेरे" म्हणाला.

माझ्या मित्राने काठी खाली ठेवली. तुटलेला दोरा वाऱ्यावर उडत होता, तो त्याने बोटाला गुंडाळून घेतला. मी अजून जाळी धरून वाकलेलाच होतो. ती त्याने माझ्या हातून काढून घेतली, झटकली आणि म्हणाला, "थँक्यू."

परतीच्या वाटेवर मी पुढे जाऊन एकटा बसलो. तिथे वारा होता आणि कुणी बोलायला येणार नव्हतं, आणि अशा वेळी माणूस नको ते खरं बोलतो, निदान स्वतःशी. मार्चमध्ये मी त्याला थांब म्हणालो ते त्याच्या भल्यासाठी म्हणालो, असं मी सकाळपासून स्वतःला बजावत होतो. ते खोटं होतं. त्याच्या मुलीच्या शाळेचा मी पाच मिनिटंही विचार केला नव्हता. तो पुण्याला गेला असता तर समोरच्या ब्लॉकमधला दिवा दुसऱ्या कुणाचा तरी झाला असता आणि रविवारी पोह्यांना मी कुणाकडे गेलो असतो, हा माझा विचार होता. मला इथे एकटं राहायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी एका माणसाची नोकरी घालवली. आणि तो आता जाणार होताच. मला एकटं टाकून जाणार होताच, फक्त नोकरी नसताना.

हे त्याला सांगावं, असं धक्का येईपर्यंत तीनदा ठरवलं. सांगितलं नाही. बडबड्या माणसाची गंमत बघा, सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, तेवढंच तोंडातून निघालं नाही.

टॅक्सीत आम्ही दोघंच होतो, बिशानला जाणारे. रिकामी बर्फाची पेटी आमच्या मधे. पेढ्यांचा डबा माझ्या मांडीवर, झाकणावर दोघांची नावं. मी त्यावर हात ठेवून बसलो होतो, त्याच्या नावावर.

ब्लॉकखाली उतरल्यावर मी म्हणालो, "वर येतो. वहिनींची माफी मागायचीय. काल फोन..."

"ये," तो म्हणाला. नको म्हणायचाही त्याला कंटाळा आला होता.

दार वहिनींनी उघडलं. आत ओल्या खोबऱ्याचा, धण्याचा, तिरफळाचा वास होता. माशासाठी वाटण तयार होतं. त्यांनी नवऱ्याच्या हातून पेटी घेतली, तिचं वजन हाताला कळलं, आणि त्यांनी ती न उघडताच खाली ठेवली.

"लागला होता," तो म्हणाला. "मोठा होता. सुटला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसा सुटला, हे विचारलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "काल मी तुमचं पूर्ण ऐकून घेतलं नाही..."

"काल?" त्या म्हणाल्या. "मार्चमध्येही मी काहीतरी सांगत होते तुम्हाला. लिफ्टमध्ये."

आठवलं. सांगत होत्या खऱ्या. मी तेव्हा कुणाशी तरी फोनवर होतो आणि हाताने "नंतर, नंतर" अशी खूण केली होती. त्या "नंतर"ची वेळ पुढे आलीच नाही.

इथे मी खाली मान घालून निघायला हवं होतं. डबा तिथेच कुठेतरी ठेवून, मुकाट्याने. पण तिघंही गप्प उभे, वाटणाचा वास, रिकामी पेटी. मला शांतता कधीच सोसलेली नाही.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी ऐकलं, मीच बोलत होतो. "पुण्यात माझा कॉलेजातला एक मित्र आहे, मोठ्या कंपनीत, चांगल्या हुद्द्यावर. सोमवारी सकाळी पहिला फोन त्याला. याच्या नोकरीचं काम झालंच म्हणून समजा!"

वहिनी नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलंस ना? झालंच म्हणतायत," त्या म्हणाल्या. "आजच बसून दुसरीकडे अर्ज टाक."